बाबांची गोफण

डोंगरातल्या आयाविरी गावाच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या होत्या. एकीच्या हातात क्रोशाची सुई चालली होती.

"हिलारिया, क्रोशाने गोफण? मला वाटलं नातवाचं टोपडं!"

"हस बेनिता, हस."

"अगं, ही वीण ताणली जाते. दगड लामांच्या कळपापुढे पडायचा सोडून तुझ्याच टाळक्यात बसेल."

"ठाऊक आहे. बाबांसारखी आठ पदरांची मला वळता येत नाही."

"मग त्यांचीच समोर ठेवून बघ की."

"ती त्यांच्या कमरेला बांधूनच पुरली ना, रीतीप्रमाणे."

"त्यांनी कधी शिकवली नाही?"

"रोज हाक मारायचे. मी म्हणायचे, आधी चुलीवरचे बटाटे बघते."

"हं."

"कमरेला गाठसुद्धा मीच मारली, बेनिता. तेव्हा तरी नीट बघायची होती."