निळं घर

ओल्या रुमालातली बरणी. आत्याचा चष्मा. बसच्या पुढच्या सीटवरची भाची, जिला स्वस्थ बसवत नव्हतं.

"हळू धर, आत्या. ओढ्यातली अळी आहे त्यात. वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती घर बांधते. हिनं प्लास्टिकच्या कणांचं बांधलंय."

"निळं? हौशी दिसते."

"हौस कसली, तळाशी आता तेच मिळतं. पण असलं घर हलकं, प्रवाहात वाहून जातं."

"मग ही कशी राहिली?"

"तेच तर! खालच्या टोकाला बघ, वजनाला खडा जोडलाय तिनं."

"अगं बाई. शिकवलं कुणी?"

"कुणीच नाही. कॉलेजातल्या मॅडमना फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, जिवंत आणलीस तरच मानेन."

"ड्रायव्हरला सांगू, जरा पळव म्हणून?"

"नको, पाणी हिंदकळेल."

"हलली गं. डोकं काढलं बाहेर."

"सकाळी अशी निळी एकोणीस घरं सापडली, आत्या. बाकीची अठरा बिनखड्याची, रिकामी होती."