छायाच्या हातचं

नाई हो, ते खोकं आताच नका उचलू, बसा जरा — गाडी काई पळून जात नाई अन् त्यातले महालक्ष्म्यायचे मुखवटे तर बिलकुलच नाई. कलीमभाऊ ना तुमी? ऋत्विकनं फोनवर नाव सांगितलं होतं, म्हने काका, डायवर पाठवून राह्यलो, त्याच्यापाशी द्या. सख्खा पुतन्या हाये तो माह्या, बुलढान्याहून अमडापूर किती लांब हाये? पन त्याले टाईम नाई. त्याच्या बापाले, आमच्या मानिकदादाले, टाईम नाई. आईनं या महालक्ष्म्या या घरात देल्या त्याचं कारनबी तेच, दादा नोकरीपायी गावोगाव फिरत होता, म्हनून धाकटा असून मले, म्हनजे छायाले देल्या. छाया माही बायको. आता नाई ती. घ्या, आंबील प्या. काऊन नाई, ज्वारीचीच हाये, ताकातली, तुमाले चालते सगळी. प्या.

तर वहिनीचा फोन आला. अन्नपूर्णावहिनी, ऋत्विकची आई. म्हने, भाऊजी, अवंदा महालक्ष्म्या आमच्याकडे बसवतो, तुमच्या घरात आता बाई नाई, देवीचं करनार कोन? मी म्हनलं, मी करीन. तर म्हने, गाडी पाठवतो. बस, झाला फैसला. मले इचारलं काय कोनी? सांगितलं नुसतं. आता या घरी सारे जन येत ते त्या एका सनाले, भाऊ, पोरं, सुना, बहिनी. दिवाळी ज्याच्या त्याच्या घरी असते. महालक्ष्म्या गेल्या म्हनजे या अंगनात गाडी उभी राहाचं कारनच संपलं. मी एकटा मानूस, मले भेटाले कोन येते? नाई, कोनी नाई येत, तुमी मान हालवली तरी.

मागच्या सालचं ऐका. छाया गेली त्याच्यावर वर्ष झालं होतं, घरात पहिलाच सन. मी म्हनलं, तिचं काईच खाली नाई पडू द्याचं. पहाटेच अंघोळ केली अन् लागलो — पुरन, कढी, वडे, आंबील, सोळा भाज्या, वर टांगाले फुलोरा. देवीपुढं ताटं मांडली, केळीची पानं, पानाले जसं लावाचं तसं, मीठ कुठं, चटनी कुठं, सारं. अन् यांची गाडी आली. वहिनी उतरली, तिच्यामागं डबे उतरले. हे मोठाले, डिक्की भरून — म्हने केटररले सांगितलं होतं, तुमाले कशाले तकलीफ. मंग तिनं ताटं पाह्यली. इचारलं, हे कोनं केलं? मी म्हनलं, मी. तर म्हने, भाऊजी, राग नका मानू, पन देवीचा निवद बाईच्याच हातचा लागते. अन् ताटं उचलली. तिचा हात धराले पुढं झालो होतो, पन मांगं सरलो.

अन् तो केटरर कोन होता? हरिओम नावाचा आचारी, ह्या एवढ्या मिशा त्याच्या. दुसऱ्या खेपेले वडे कमी पडले तर तोच मोटरसायकलवर घेऊन आला. त्याच्या हातचं देवीले चालते, कारन तो दुकानदार. अन् माह्या हातचं नाई चालत, कारन मी बायको मेलेला मानूस. याचा हिशेब तुमाले लागते काय? मले नाई लागला. मी देवघराच्या दारात उभा राहून त्या मिशाकडं पाह्यत होतो.

अन् माही ताटं गाईपुढं. सारी. पुरनाचं पातेलं, आंबीलबी. गाईले देनं वाईट नाई, पुन्यच हाये ते, पन माहं ऐका — आत पंगत बसली, अन् हा ऋत्विक, केटररची आंबील एक घोट घेतली अन् वाटी ठेवून देली. म्हने, छायाकाकूच्या आंबीलीची मजा नाई यात. अन् वहिनीच्या डोळ्यात पानी. खरंखुरं पानी, मी खोटं नाई सांगत, तिचा जीव होता छायावर. म्हने, छायाच्या हातचं आता कुठं भेटते रे बाबा. अन् मांगच्या दारी गाय तेच खाऊन राह्यली होती. तेच. वाटीभर इकडचं तिकडं नाई, तेच —

काय म्हनता? आंबील चांगली झाली? मंग. अजून घ्या. ही छायाच्याच हातची —

म्हनजे, नाई. छाया कुठून करनार. मीच केली सकाळी. मीच करतो. पहिलेबी मीच करत होतो. तिच्या हाताले संधिवात होता हो, बोटं अशी वाकडी, आकड्यावानी, शेवटची कित्येक सालं तिच्यानं लाटनं धरवत नव्हतं. हात दुखते एवढं साऱ्याले माहीत होतं, पन किती ते कोनाले माहीत? ते पंगतीच्या टायमाले येत अन् संध्याकाळी जात. ती इथं, या चुलीपाशी, पाटावर बसाची अन् सांगाची, वेलदोडा आता टाका, जाळ कमी करा, अहो, हालवा ना, खाली लागून राह्यलं. चिडाची लय. पहिल्या साली माह्या पोळ्या फाटल्या तर रडली होती ती. मंग यायले लागलं मले. अन् गाडीचा आवाज आला की उठाची, चांगलं लुगडं नेसलेलं राहे, अन् परातीत दोन्ही हात बुडवाची. पिठात. असं मनगटापोतर. अन् तशीच दारात जाची, वहिनी म्हनाची, अवं, किती करतं एकटी, हात तरी धू. ती हासाची. पदराखाली घ्याची हात. अन् मी बाहेर खाटेवर पेपर घेऊन बसलो राहो, जसं काई माहा सैपाकाशी संबंधच नाई. दादा मले म्हने, तू तर बसून खाशील नुसतं. मी म्हनो, हाव.

सांगून काऊन नाई टाकलं? सोपं हाये तुमाले. त्या पंगतीत एक बोल बोललो असतो तर संपलं होतं, वहिनीचं तोंड बंद झालं असतं, अन् ही गाडी आज आली नसती. जिभेवर आलतं माह्या. पन मंग छायाचं काय राह्यलं असतं? लेकरू नाई आमाले. घरदार मले, जमीन मले. तिचं म्हनून लोकायच्या तोंडात एवढंच हाये, छायाच्या हातचं. तिनं मले कधी शपथ नाई घातली, सांगू नका असंबी नाई म्हनली. नुसती पिठात हात बुडवाची. तेच सांगनं झालं ना मंग. आता मी या मुखवट्यायसाठी ते धुवून काढू काय?

रात-दिवस राग येते मले. वहिनीचा येते, दादाचा येते, अन् खरं सांगू, छायाचाबी येते. मले असं बांधून गेली.

नाई, फोन खिशात ठेवा. ठेवा म्हनतो ना. ऋत्विकले काई सांगाचं नाई, तुमच्या घरीबी नाई. तुमी चांगले मानूस दिसता, म्हनून तोंडातून गेलं — गेलं ते गेलं. उठा. खोकं मी घेतो, तुमी दरवाजा उघडा. मागच्या सीटवर ठेवा, आडवं नाई, असं. आडवाटेनं नका जाऊ, सरळ चिखलीवरून जा. अन् वहिनीनं इचारलं, भाऊजी काई बोलले काय, तर म्हना, नाई, काई नाई बोलले. निघा आता.