एम-थ्रीचा कोंबडा

...आणि वर सगळे मलाच विचारतात, "काय रे बाळा, कोंबो बरो आसा मां?" अहो, बरा आहे! त्याला काय धाड भरलीय? कधी मला विचारा ना! पंचवीस वर्षं ह्या बर्फाच्या फॅक्टरीत उभा आहे मी, गुडघ्यांचं लाकूड झालं, गेल्या महिन्यात कमरेत उसण भरली म्हणून चार दिवस वाकून चालत होतो, तर समोरून येणारा माणूस काय म्हणतो? "काय शोधतंस रे? कोंबो हरवलो?"

बसा, बसा. देवगडवाले बसा, वेंगुर्ल्यावाले बसा, गाड्या राहू देत तिथेच, लाद्या निघायला अजून अर्धा तास आहे. चहा मागवतो... म्हणजे, तुम्ही मागवा, मी पितो. माझं चहाचं बजेट दर महिन्याच्या बारा तारखेला संपतं. का म्हणून काय विचारता? मुलाचं शिक्षण! झिलाक शिकवूचा आसा ना!

हे वाक्य माझं नाही हां, आमच्या मंडळींचं. पद्मावती. मासळी बाजारात टोपली घेऊन बसते, तुमच्यातल्या निम्म्यांना ओळखत असेल, तिच्याशी घासाघीस करून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय. आमचा मुलगा सर्वेश कोल्हापूरला इंजिनियरिंगला गेला आणि त्या दिवसापासून घरात ह्या एका वाक्याचं राज्य. मी म्हटलं, चप्पल तुटली. "शिवून घेवा. झिलाक शिकवूचा आसा." म्हटलं, टीव्ही बंद पडला. "बरा झाला, लाईट वाचली. झिलाक शिकवूचा आसा." म्हटलं, अगं आपण मासळी विकणारी माणसं, महिन्यातून एक पापलेट तरी... "पापलेट गिऱ्हायकाक, तुमका पेडवे!" आणि आमचा बोका आहे, त्या मुक्या जनावराला पण तेच! "काटे खा मेल्या, दादा शिकता!" तो बिचारा काटे चावताना माझ्याकडे असा बघायचा, जसं काही ॲडमिशनच्या फॉर्मवर मी त्याची पण सही घेतली होती.

मग अशा घरात कोंबडा आला कुठून? तेच तर तुम्हाला सांगतो!

दुसऱ्या वर्षाला सर्वेशचा फोन आला, "बाबा, एम-थ्रीत केटी लागली." केटी म्हणजे काय, तर नापास. पण इंजिनियरिंगवाले नापास म्हणत नाहीत हो, राहिलेला विषय डोक्यावर घेऊन पुढच्या वर्गात जातात, एस्टी स्टँडवरचा हमाल जातो तसे. आणि एम-थ्री म्हणजे गणित तिसरं. तिसरं! आम्हाला शाळेत एकच गणित होतं, ते आजपर्यंत सुटलं नाही, ह्यांना तीन-तीन!

पद्मावतीने ऐकलं, पदर खोचला, आणि निघाली घरामागच्या सुरंगीच्या झाडाखाली. तिथे आमच्या वाडीचा राखणदार आहे. देऊळ नाही, कळस नाही, एक पाषाण आणि वर सुरंगी, पण वाडीवर नजर त्याची. त्याच्यासमोर हात जोडून म्हणाली, "म्हाराजा, झिलाचा तिसरा गणित सुटांदे, तुका कोंबो दितंय."

आता दुसरी बाई असती तर काय करती? मुलगा पास झाला की बाजारात जाती, आठशे रुपये मोजती, गावठी कोंबडा आणती, विषय संपला. पण ही पद्मावती! रात्री जेवता जेवता मला म्हणते, "अवो, परीक्षा सहा म्हयन्यांनी. आज पिल घेतला तर पन्नास रुपये. सहा म्हयन्यात कोंबो तयार. साडेसातशे वाचले!" आणि आणलंन की कसालच्या बाजारातून पिल्लू! खोटं कशाला बोलू, मी तर खूश झालो. म्हटलं, ह्या बाईला दिल्लीला न्या, देशाचं बजेट हिच्या हातात द्या.

सहा महिने झाले. कोंबडा तयार झाला... मुलगा नाही झाला.

नऊ मार्कांनी गेला. कोंबड्याला सहा महिन्यांची मुदतवाढ! पुढची परीक्षा, चार मार्कांनी गेला. पुन्हा मुदतवाढ! असं दोन वर्षं चाललं. सर्वेशच सुट्टीत आला आणि कोंबड्याचं नाव 'केटी' ठेवून गेला. आणि नाव ठेवलं की संपलं हो, तुम्हाला सांगतो! बिननावाचा कोंबडा रस्सा असतो, नाव ठेवलं की तो घरातला माणूस होतो. बघता बघता माझी खुर्ची त्याची झाली. मी दमून घरी येतो, तर तो एका पायावर झोपलेला, आणि पद्मावती आतून, "उठवू नकात त्येका, आत्ताच डोळो लागलो!"

त्यात आमच्या शेजारच्या आपोलिना बाई. हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालेल्या, घरात एकट्या, मुली गोव्यात. सर्वेश पुन्हा एकदा गेला तेव्हा कुंपणावरून ओरडल्या, "बाळा, दी तो फोन हंय! बघतंय मी, कसो पास होत नाय तो!" आणि काय सांगू, सहासष्ट वर्षांच्या बाईने कोल्हापुरातून एम-थ्रीचं पुस्तक मागवून घेतलं, दोन महिने आधी स्वतः शिकली, मग रोज संध्याकाळी सात वाजता फोन समोर उभा करून माझ्या मुलाला शिकवायला लागली. फुकट! वर म्हणते, "मेंदवाक गंज चढतालो, बरा झाला." आणि शिकवणीला टेबलावर दुसरा विद्यार्थी कोण? केटी! मान वाकडी करून लाप्लासचं गणित ऐकतोय! बाई चहात खारी बुडवणार, अर्धी स्वतः खाणार, अर्धी त्याला. "हुशार आसा हो," मला म्हणाल्या, "तुझ्या झिलापेक्षा लक्ष देता."

आणि हळूहळू साहेबांचे नखरे सुरू झाले. सकाळी पेज, पण नुसती नाही, वर सुकट पाहिजे. चार वाजता खारी. नाताळात बाईंकडची तळलेली गोड कुलकुलं. कच्चा तांदूळ? अहो, पूर्वी टिपायचा, पण आता समोर तांदूळ टाकला तर माझ्याकडे असा बघतो, जसं काही मी रेशनवाला आणि माप मारलंय! एकदा मी हिशोब केला. म्हटलं, पद्मावती, साडेसातशे वाचवायच्या नादात साडेचार हजाराची खारी आणि सुकट गेली ह्याच्या पोटात! तर काय म्हणाली ठाऊक आहे? "तो देवाचो आसा. देवाच्या तोंडातला काढतास? आणि... झिलाक शिकवूचा आसा मां!"

झालं! मुलाच्या शिक्षणाच्या खर्चात कोंबडा धरला! मी चप्पल शिवून घालतो आणि कोंबडा सुकट खातो, आणि दोन्ही एकाच कारणासाठी!

हसा, हसा. पण शेवटच्या परीक्षेला हसू पळालं होतं आमचं. बाकीचे सगळे विषय सुटले, डिग्री अडली ती ह्या एका गणितावर. ह्या वेळी गेला तर आणखी सहा महिने, आणखी खोलीचं भाडं, आणखी मेस. आणि आणखी सहा महिने ओढायची ताकद नव्हती हो आमच्यात. पद्मावतीच्या कानातल्या कुड्या आधीच विकून झाल्या होत्या, कानात कडुलिंबाची काडी घालून बाजारात बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "हलका वाटता." आणि सर्वेश काही आंधळा नाही, त्याला दिसत होतं. म्हणाला, "बाबा, ह्या वेळी नाही झालं तर मी सोडतो, घरी येतो, होडीवर जातो." मी फोन ठेवला आणि इथे ह्याच खांबाला टेकून उभा राहिलो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा थंडी वाजली मला ह्या फॅक्टरीत.

आणि निकाल लागला... बावन्न मार्क! पास!

अहो, काय ओरडलो आम्ही! आपोलिना बाई कुंपण ओलांडून आल्या, सहासष्टाव्या वर्षी कुंपण ओलांडलं बाईने! पद्मावती हसतेय, रडतेय, बोक्याला अख्खा पेडवा दिलान... आणि मग कसं कोण जाणे, सगळ्यांची तोंडं एकदम खुर्चीकडे वळली.

केटी झोपला होता. एका पायावर.

फोनवर सर्वेश हळूच म्हणतो, "बाबा... केटीचा काय?" मग बाई उठल्या. "मी गणित शिकवलंय ता पोराक पास करूक," म्हणाल्या, "ह्येका मारूक नाय." गेल्या आणि खिडकी लावून घेतली. पद्मावती म्हणाली, "नवस तो नवस. देवाक फसवूक येवचा नाय." असं ठणकावून म्हणाली आणि आत जाऊन त्याच्यासाठी ओला नारळ घालून सुकट करायला लागली. डोळे पुसत होती. विचारलं तर म्हणे कांदा कापतंय. कांदा नव्हताच हो घरात!

रविवारी सकाळी गेलो सुरंगीखाली. लोक कोंबडा पाय बांधून उलटा नेतात, आमचे साहेब माझ्या खांद्यावर बसून निघाले, वाटेत चौघांनी विचारलं, "कोंबो बरो आसा मां?" महादू घाडी आधीच येऊन बसलेला. वाडीच्या वतीने राखणदाराशी बोलायचा मान त्याच्या घराण्याकडे. आणि आमच्याकडची रीत अशी, की कोंबड्यासमोर तांदूळ टाकायचे. त्याने टिपले तर देवाने नवस घेतला, मग पुढचं काय ते. नाही टिपले तर देवाला तो कोंबडा नको.

महादूने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा राखणदारा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराचो झील घाटार जावन तिसरा गणित सोडवन इलो, बोलल्याप्रमाणे तुझो कोंबो तुझ्या पायाकडे हाडलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!" आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा!" टाकले तांदूळ.

केटीने तांदळाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

महादूने परत टाकले. केटीने तांदळाला वळसा घातला आणि माझ्या पायाशी येऊन उभा राहिला. तिसऱ्यांदा टाकले, अगदी चोचीखाली. साहेबांनी पंख झाडले, तांदूळ उडवून लावले! महादू घाम पुसत म्हणाला, "अरे बाळा, खाता काय ह्यो?"

आता ऐका. माझ्या शर्टाच्या खिशात खारीचा पुडा होता. शेवटची म्हणून घेतली होती, म्हटलं निदान आवडीचं खाऊन... एक तुकडा चुरून तांदळावर टाकला असता, तर तांदळासकट खाल्लं असतं त्याने, नवस फिटला असता, आणि माझा चार वाजताचा खर्च कायमचा वाचला असता. तीन वर्षं मी ह्या कोंबड्याच्या नावाने शंख केला, अख्खी वाडी साक्षीदार आहे! आणि तोंडातून काय बाहेर पडावं? "काय की रे महादू. माका खंय ठावक? घरात बायल बघता."

देवासमोर खोटं बोललो! महादू पद्मावतीकडे वळला. मी डोळे मिटले. म्हटलं, ही काही खोटं बोलायची नाही, कालची मासळी आजची म्हणून कधी विकली नाही हिने. आणि ती राखणदारासमोर हात जोडून म्हणते कशी, "तांदूळच खाता. रोज. आज काय झाला देव जाणे."

महादूने सुरंगीकडे बघितलं, कोंबड्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "देवाक नको आसा. सोड त्येका. आता तो देवाचो, कापूचो नाय, विकूचो नाय, कोंडूचो नाय." मी चक्क रडलो हो! बावन्न वर्षांचा बाप्या, कोंबड्यासाठी! आणि महादू पिशवी उचलून निघाला, दोन पावलं गेला, मागे न बघता म्हणतो, "बाळा, खिशातली खारी चुरगळली बघ तुझी."

केटीला तिथेच सोडून आम्ही घरी आलो. तीन मिनिटांची वाट. दार उघडतो तर साहेब खुर्चीत! आता देवाचा कोंबडा, उठवायची पण सोय राहिली नाही. बाईंनी खिडकी उघडली ती खारी हातात घेऊनच.

म्हटलं, चला, मुलगा इंजिनियर झाला, आता पापलेट, नवी चप्पल, आणि पहिल्या पैशातून पद्मावतीच्या कानातल्या कुड्या. तर गेल्या मंगळवारी सर्वेशचा फोन, "बाबा, आपोलिना बाई म्हणतात पुढे शिक. एम.टेक. करायचं म्हणतो. प्रवेश परीक्षा आहे फेब्रुवारीत." छाती एवढी भरून आली की आकडा विचारायचंच राहून गेलं. मागे वळतो, तर पद्मावती घरात नाही. सुरंगीखाली जाऊन नवस बोलली, तिथून तशीच कसालच्या बाजाराला गेली, आणि संध्याकाळी माझ्यासमोर टोपली ठेवलीन. आत चिवचिव.

"पन्नास रुपये," म्हणाली. "साडेसातशे वाचले."

काल रात्री सर्वेश मोठ्या जोरात सांगत होता, "बाबा, ह्या वेळी बघाच, पहिल्याच फटक्यात पास होतो!" खुर्चीत केटी, त्याच्या पंखाखाली ते पिल्लू, दोघंही माझ्याकडे बघतायत. मी म्हटलं, "सावकाश रे बाबा, सावकाश... पिल अजून लहान आसा."