कठड्यावरचं वाळवण

खराडीच्या कंपनीतून अर्धी रजा काढून तेजस महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात रांगेत उभा होता. पुढे एक आजोबा कारकुनाशी बोलत होते. शेजारी त्यांच्या पत्नी खोकत होत्या. तेजसने कानातलं गाणं बंद केलं.

"आजोबा, कबुतरांना दाणे घालायला बंदी आहे."

"घालतो कोण? मी ज्वारी वाळत घालतो."

"रोज?"

"हवा दमट आहे."

"आणि कठड्यावरच?"

"ऊन तिथेच येतं."

"पण कबुतरं खातात ना?"

"खातात. चोरी आहे ती. दंड त्यांना करा."

"आजी, खोकला कधीपासून?" कारकुनाने विचारलं.

"दिवाळीपासून. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं वाचवायची तर कबुतरं बंद करा."

"डॉक्टर काहीही म्हणतात. साहेब, तक्रार खालच्या गोडबोल्यांनीच केली ना?"

"नाव सांगता येत नाही."

"म्हणजे त्यांनीच! घ्या दंड. उद्यापासून दुप्पट ज्वारी वाळत घालतो."

पावती खिशात घालून आजोबा जिना उतरू लागले. आजी खिडकीशीच रेंगाळल्या.

"साहेब, परत तक्रार आली तर दंडही दुप्पट होतो का हो?"

"होतो की."

"मग उद्याची आजच लिहून घ्या. नाव मागच्यासारखंच गुप्त ठेवा."