बॉनेट गार होईपर्यंत

बूअलाम : बॉनेट गरम आहे, हाजी.

जल्लूल : असेल. ऊन आहे.

बूअलाम : ऊन? रलिझान शहरापासून इथपर्यंत टॅक्सीवाल्यानं वायपर बंद केला नाही.

जल्लूल : मग मांजर बसलं असेल. शेजारच्या कद्दूरचं आहे. लठ्ठ. बसेल ती जागा तापवून उठतं.

बूअलाम : हात भाजतोय माझा. मांजर आहे की शेगडी?

जल्लूल : आणि मला हाजी म्हणू नकोस. मी अजून मक्केला गेलेलो नाही.

बूअलाम : केस पिकले की आपल्याकडे सगळेच हाजी. विषय बदलू नका. फोनवर काय म्हणाला होतात? ‘प्यूजो चारशेचार, ताडपत्रीवाली. बाहेरून होती तशी ठेवलीय, एक पोचा काढला नाही. रंग मारून पिकअप विकणारा माणूस काहीतरी लपवत असतो. आतून मात्र नवरीसारखी.’ घरी जाऊन बायकोला सांगितलं मी. म्हटलं, असा माणूस या देशात अजून शिल्लक आहे.

जल्लूल : आहेच. हा बघ पोचा, मेंढ्याच्या शिंगांचा. हा दारावरचा पोलिसाच्या काठीचा. का मारली ते सांगणार नाही, पण पोचा लपवला का?

बूअलाम : पोचे ठीक आहेत. मला गार इंजिन ऐकायचं होतं, म्हणून तर एवढ्या सकाळी आलो. माझा धंदा मधमाश्यांचा. संत्र्याच्या बागा फुलल्या की पेट्या तिकडे न्यायच्या, आणि उजाडायच्या आत पोचवायच्या. गेल्या वर्षी माझी जुनी गाडी पोलीस चौकीसमोर थांबली आणि गारठून सुरूच होईना. उजाडलं. माश्या उठल्या. बिचारे शिपाई धक्का मारायला आले होते. त्यातला एकजण अजून माझ्याशी बोलत नाही. सुरुवातीला ओठ सुजल्यामुळे बोलत नव्हता, आता मुद्दाम बोलत नाही.

जल्लूल : ही पहिल्या सेल्फला सुरू होते. बर्फ पडला तरी.

बूअलाम : मग मी यायच्या आधी तापवून का ठेवलीत?

जल्लूल : तापवली नाही.

बूअलाम : बाजारातले दलाल करतात हे. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन फिरवून ठेवतात, म्हणजे गारठ्यातला खोकला कळत नाही. तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. निघतो मी. रस्त्यावर परतीची टॅक्सी मिळेल.

जल्लूल : थांब. बस इथे. गार होऊ दे, मग तू स्वतः सुरू करून बघ.

बूअलाम : थांबतो. पण का तापली ते सांगा.

जल्लूल : ते सांगणार नाही.

बूअलाम : मग मी काय समजायचं?

जल्लूल : लबाड समज.

बूअलाम : लबाड म्हणवून घ्यायला तयार आहात, आणि कारण सांगायला नाही? असं काय केलंत पहाटे? कुणाच्या मेंढ्या पळवल्यात?

खैरा : (आतून) मेंढ्या पळवल्या असत्या तर गावभर सांगत फिरले असते.

(जल्लूलची बायको खैरा कॉफीचं तबक घेऊन घराच्या दारातून बाहेर येते.)

जल्लूल : अगं ए, तबक ठेव आणि आत जा.

खैरा : ठेवते. घे बेटा, साखर घातलीय. माझा नवरा लबाड नाही. लाजाळू आहे. दोन्हीत चेहरा सारखाच होतो.

बूअलाम : खाला, मावशीसारख्या आहात, तुम्हीच सांगा. पहाटे कुठे गेले होते?

खैरा : मला फिरवायला.

बूअलाम : दवाखान्यात?

खैरा : नाही.

बूअलाम : माहेरी?

खैरा : माहेरी आता कोण आहे? नुसतं. पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत.

बूअलाम : नुसतं?

जल्लूल : हळू बोला! कद्दूर भिंतीपलीकडेच असतो. त्याला दुसरं काम नाही.

खैरा : ह्यांच्या गुडघ्यानं क्लच दबत नाही, म्हणून तर विकतायत. पहिल्या गियरवर गेलो आणि पहिल्या गियरवर आलो. बॉनेट तापणार नाही तर काय होईल? एक गाढव आम्हाला मागे टाकून गेलं.

बूअलाम : आणि हे सांगायला लाज वाटत होती? हाजी, मी तर दलाल ठरवून मोकळा झालो होतो तुम्हाला!

जल्लूल : तुझं काय जातंय? तू रलिझानचा. मला या गावात मरायचंय. म्हातारा बायकोला शेजारी बसवून विनाकारण हिंडत होता, हे एकदा कॅफेत पोचलं की संपलं. जनाजा उचलतानासुद्धा म्हणतील, नवरदेवाला सांभाळून घ्या.

बूअलाम : म्हणू देत की. माझी बायको तर पुढची जागा सोडतच नाही. मधाचा डबा मांडीवर घेऊन मला गाडी चालवायला शिकवते.

खैरा : आमच्याकडे पुढची जागा रिकामी नसायची, बेटा. मी आज पहिल्यांदा बसले.

बूअलाम : म्हणजे, बऱ्याच दिवसांनी.

खैरा : पहिल्यांदा. नवरी होऊन आले ती मागे, ताडपत्रीखाली. पुढे ह्यांचे वडील आणि ह्यांचे काका. थोरल्याच्या वेळी कळा सुरू झाल्या, तेव्हाही मागे. पुढे काकाच. बाळंतपण त्यांचं नव्हतं, पण मागचा वारा त्यांना सोसत नसे.

जल्लूल : त्यांना दमा होता.

खैरा : होता. मग मेंढ्यांचा व्यापारी पुढे आणि मी मेंढ्यांबरोबर. एकदा तियारेतहून येताना पुढे कुणीच नव्हतं. मी दार उघडलं. हे म्हणाले, थांब, तिथे टीव्ही ठेवायचाय. मागे हादरे बसतात.

बूअलाम : हाजी!

जल्लूल : जपानी होता टीव्ही.

खैरा : चांगला निघाला. अजून चालतो.

जल्लूल : सगळेच असं करायचे तेव्हा. कुणाची बायको पुढे बसत होती? कद्दूरची बसत होती का?

खैरा : कद्दूरकडे गाडी नव्हती.

बूअलाम : कॉफी छान झालीय, खाला.

खैरा : मधली काच आहे ना, तिच्यातून ह्यांची मान दिसते. ह्यांना टक्कल पडतंय हे ह्यांच्याआधी मला कळलं. उन्हाळ्यात ताडपत्रीखाली जीव घाबरा झाला की मी काच वाजवायचे. पण इंजिनाचा आवाज इतका, ह्यांना ऐकू जात नसे.

जल्लूल : ऐकू यायचं.

खैरा : काय?

जल्लूल : ऐकू यायचं. शेजारी माणसं बसलेली असायची. बायकोनं काच वाजवली आणि ह्यानं गाडी थांबवली, असं... जाऊ दे. कॉफी गार होतेय.

बूअलाम : मी जरा बॉनेट बघून येतो.

जल्लूल : आत्ताच बघितलंस. बस.

खैरा : मला वाटायचं, इंजिनच वाईट. म्हणून ह्यांनी ते उतरवलं, माझ्या कुसकुस शिजवायच्या भांड्यात एकेक बोल्ट धुतला, तेव्हा मी भांड्याबद्दल बोलले नाही. म्हटलं, आवाज कमी होईल.

जल्लूल : झालाय कमी. पिस्टन नवे, रिंगा नव्या, व्हॉल्व्ह घासून बसवलेत. ब्रेक नवे. वायरिंग मी स्वतः केलंय. या गाडीत मी हात न लावलेली एक वस्तू दाखव.

खैरा : खिळा.

जल्लूल : कुठला खिळा?

खैरा : मागच्या फळीचा. डावीकडे, चाकाच्या वर. डोकं वर आलंय त्याचं. तो सोडून बसावं लागतं, आणि गाडी खड्ड्यात गेली की सोडता येत नाही. माझे दोन झगे गेले त्यात.

जल्लूल : मला कधी सांगितलं नाहीस.

खैरा : काच वाजवली होती की.

बूअलाम : हाजी, आता गार झालंय बॉनेट. बघा हात लावून. हाजी?

जल्लूल : चावी आतच आहे. चोक अर्धा ओढ.

बूअलाम : बिस्मिल्लाह. ...अरे वा! अर्ध्या सेल्फला लागली! आणि आवाज ऐका, माश्यांच्या पेटीसारखा. माफ करा मला. तुमचा शब्द खरा होता.

जल्लूल : माफी नको मागूस. मी तुला म्हणालो होतो, काही लपवलेलं नाही. आता एक खिळा निघाला.

बूअलाम : पेट्यांना खिळ्याचं काय? बरं, आता रीतीनं बोलू. कुणी किती दिले आतापर्यंत?

जल्लूल : कुणी नाही. तूच पहिला.

बूअलाम : असं कुणी सांगतं का? एखादं खोटं गिऱ्हाईक तरी सांगायचं! ओरानचा डॉक्टर, मोस्तगानेमचा ठेकेदार. नाहीतर मी घासाघीस कुणाशी करू?

जल्लूल : आज अंगात त्राण नाही. तुझ्या मनाला बरोबर वाटेल ते दे. आधी चालवून बघ. टाकीपर्यंत जा, तिथे चढ आहे.

बूअलाम : चला मग, बसा शेजारी.

जल्लूल : मी नाही. तिला बसव.

खैरा : मला कशाला? मी सकाळी बसले की.

जल्लूल : अंधार होता. काय दिसलं तुला? बस. हा पोरगा तुझ्या धाकट्याच्या वयाचा आहे.

बूअलाम : या, खाला. आणि हाजी, बाक लांब आहे, तिघं मावतो आपण.

जल्लूल : माझा गुडघा गियरला लागेल. मी मागे बसतो.

खैरा : मागे? अहो, रस्ता कॅफेवरून जातो.

जल्लूल : रस्ता मला माहीत आहे.

खैरा : कद्दूर एव्हाना तिथे बाहेरच्या खुर्चीवर असेल.

जल्लूल : असू दे.

खैरा : मागचा पडदा तरी सोडा खाली.

जल्लूल : वरच बांधून ठेव. बूअलाम, दुसऱ्या गियरवर घे. पहिल्यावर नेऊ नकोस, गाढवं हसतात. चल.

बूअलाम : काय पिकअप आहे, खाला! लोण्यासारखा गियर पडतो. कॅफेसमोर हा कोण हात वर करतोय? कद्दूर का?

खैरा : तोच. खुर्चीवरून उठला बघ. हे काय करतायत मागे?

बूअलाम : आरशात दिसतायत. सलाम करतायत त्याला. मान ताठ आहे, पण कान लाल झालेत. ...अरे, खड्डा होता, दिसला नाही. लागलं नाही ना तुम्हाला?

खैरा : मला काय लागतंय? इथे गादी आहे. इथून तर खड्डा आधी दिसतो, बेटा. मागे बसलं की गेल्यावर दिसतो.

बूअलाम : खाला, मागून काच वाजतेय.

खैरा : ऐकू आली.

बूअलाम : थांबवू का?

खैरा : थांबव. त्यांना खिळा सापडला असेल.