पिल्लू कोणाला घाबरत होतं

पोपट पाळायचं म्हणतोयस ना, मग आमच्या घरचं ऐक. माझ्या मुलीने, सईने, कॉकाटिलचं पिल्लू आणलं. छोटा पोपटच तो, पण इतका भित्रा की पिंजऱ्याच्या कोपऱ्यातून हलेना. म्हटलं, याला माणसांची सवय करू. म्हणून शेजारच्या कांबळे वहिनींना बोलावलं. त्यांनी तळहातावर राळ्याचे दाणे घेऊन हळूच हात आत धरला आणि थोड्या वेळाने पठ्ठ्या चक्क त्यांच्या हातावर चढला.

"आला बघ, आला!" मी म्हणालो, तसा तो उडून थेट पडद्यामागे गेला.

"भाऊजी, जरा हळू," वहिनी म्हणाल्या.

"हळूच बोलतोय की."

सई खाली बघत म्हणाली, "बाबा, तो माणसांना नाही घाबरत. तुझ्या आवाजाला घाबरतो."

"मग तुम्ही दोघी कशा नाही घाबरत?" मी तिला आणि मागे उभ्या असलेल्या बायकोला विचारलं.

सई आईच्या मागे सरकली. बायकोने नजर वळवली. वहिनी "गॅसवर भाजी आहे" म्हणत निघाल्या. यार, मला या दोघींकडे बघवेना.

आता मी घरात हळू बोलतो. पोपट माझ्या बोटावर बसायला लागलाय. सई मात्र मी नुसती हाक मारली तरी अजून दचकते.