चिंचेवरची वैजू

रामकृष्ण हरी! मंडळी, मागे बसलेल्यांनी जरा पुढे सरका — आज भुताची गोष्ट आहे, उगाच एकटं राहू नका!

एक विचारतो. माणूस मेलं की त्याचं भूत कोण करतं? देव करतो? यम करतो? सांगा की! बरं, ऐका.

झाड म्हटलं की भूत आलंच. आपल्या पिंपळावर मुंजा, चिंचेवर हडळ. बंगालात म्हणे बेलाच्या झाडावर ब्रह्मराक्षस. आणि तिकडे थायलंडात केळीच्या बागेत हिरव्या लुगड्यातली बाई! आता तर भुतांनी झाडंही सोडली — मोबाईलमध्ये राहायला आली! तुमच्या उशाशी!

तर एक गाव. नाव सांगत नाही, तिथली माणसं इथे बसली असतील. गावात द्रुपदाबाई नावाची माउली. एकुलती एक लेक वैजयंता — सगळे वैजू म्हणायचे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली — आणि वैजू गेली. नात आजीच्या ओटीत. तिचं नाव तनू. आजीनं वाढवली, अंगणवाडीत जायला लागली.

शेजारच्या गावात एक तरुण होता, धैर्यशील. नाव धैर्यशील आणि काम काय? — लोकांना घाबरवायचं! भुताचे व्हिडिओ काढायचा. त्याला कुणीतरी वैजूचं सांगितलं. झालं! तिच्या गावच्या ओढ्याकाठच्या चिंचेवर अंधारात पांढरी साडी हलवली, कण्हल्याचा आवाज लावला, वर अक्षरं टाकली — ‘चिंचेवरची वैजू! बाळ शोधणारी हडळ!’

मंडळी, लाखो लोकांनी पाहिला! जेवता जेवता पाहिला! गाड्या करून माणसं यायला लागली. कुणी लिंबं बांधली, कुणी भूत जखडायला खोडात खिळे ठोकले. आणि तनू? अंगणवाडीत तिच्याजवळ कुणी बसेना. “हडळीची पोर आली!” ते एवढंसं लेकरू घरी येऊन विचारतं, “आजी, हडळ म्हंजे काय गं?”

काय सांगायचं तिला? तुम्हीच सांगा!

एका दुपारी धैर्यशील दुसरा व्हिडिओ काढायला आला. रणरणतं ऊन. चिंचेजवळ येतो तर — खोडाला बिलगून एक बाई! केस मोकळे! गड्याचं सगळं धैर्य पायात उतरलं! पळणार, तेवढ्यात बाई म्हणाली, “बाळा, ही पक्कड धर की जरा. माझा हात पोचत नाही.”

द्रुपदाबाई होती ती! अंबाडा सुटलेला, हात खरचटलेले.

“आजी, काय करताय?”

“खिळे काढतीय. माझ्या लेकीला टोचत असतील.”

धैर्यशीलनं पक्कड हातात घेतली.

“तू पाहिलास का रे तो व्हिडिओ?” ती म्हणाली. “मला नीट दिसत नाही. एवढंच सांग — वाळलीय का ती? केस विंचरलेले असतात का? देवाला रोज विचारायची, माझी पोर कुठंय? आता कळलं, गावातच आहे. पण माझ्यासमोर येत नाही. रुसलीय का?”

आणि पायाशी काय ठेवलं होतं माउलीनं? तेलाची बाटली आणि फणी!

मंडळी, सगळं गाव भ्यालं — आई नाही भ्याली! आई वेणी घालायला आली!

‘हो आजी, छान दिसते वैजू’ — असं म्हणून सुटता आलं असतं त्याला. जिभेवर आलंही असेल. पण त्यानं तिचे पाय धरले. “आजी, ती इथं नाही. ती साडी माझ्या आईची होती. मीच हलवली.”

म्हातारीचा हात खोडावरून खाली आला. त्याला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण तिनं हळूच विचारलं, “म्हणजे... उन्हापावसात बसलेली नाही ती?”

“नाही.”

“उपाशी फिरत नाही?”

“नाही, आजी.”

“बाळ शोधत नाही?”

“नाही हो!”

तेव्हा ती रडली. लेक गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडली. “सुटली रे, सुटली माझी बाय...” मग डोळे पुसले आणि म्हणाली, “आता उरलेले खिळे काढ. झाडानं काय केलंय कुणाचं?”

त्यानं सगळे खिळे काढले. जुना व्हिडिओ काढून टाकला आणि लख्ख उजेडात, स्वतःचा चेहरा दाखवून नवा केला — ‘मी खोटं बोललो. वैजू हडळ नाही. ती शिट्टी फार सुंदर वाजवायची, असं तिच्या आईनं मला सांगितलं.’

किती जणांनी पाहिला? बोटांवर मोजण्याइतक्यांनी! पण त्यात गावातल्या आयाबाया होत्या. पुढच्या आठवड्यात अंगणवाडीत एक मुलगी तनूला खेटून बसली. म्हणाली, “तुझी आई शिट्टी वाजवायची? तुला येते?” तनूनं गाल फुगवून फुंकर मारली — नुसती थुंकी उडाली! दोघी खदाखदा हसल्या.

बाबांनो, तुमच्या मोबाईलवरही उद्या कुणाचं तरी भूत येईल. पुढं पाठवण्याआधी एवढंच मनात आणा — याला आई असेल. ती कुठंतरी फणी घेऊन बसली असेल.

आता डोळे मिटा. आपलं गेलेलं एक माणूस आठवा... त्याचं नाव घ्या, हळूच, ओठांतल्या ओठांत... भीती वाटली? नाही ना? मग त्याच ओठांनी म्हणा — विठ्ठल... विठ्ठल...